नाताळचे ताट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे आपल्या चिटणीसबाईंनी मला डिसेंबरच्या आरंभी सांगितले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे "बघते हं" म्हणून वेळ मारून नेली. लिहिण्यासारखे माझ्यापाशी काय आहे, असा मला खरोखरच प्रश्न पडला होता. पण २६ डिसेंबरला विरारहून गाडीने एक मुलगा आला. घोलवड स्टेशनावर उतरून, रिक्षा करून, पत्ता विचारीत तो बोर्डीला आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले एक ताट त्याने माझ्या हातात ठेवले. ते ताट हातात घेतल्याबरोबर मला विषय सापडला. गेली पन्नासांहून अधिक वर्षे हे ताट माझ्याकडे येत आहे. त्याआधी ते माझ्या आजीकडे येत असे. त्याचा इतिहास लिहावा असे मनात आले. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया याव्यात अशी आपली समजूत असते. यात लढाई आहे, पण ती एका ओसरीवर झाली.

आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटेल की, बोर्डीकरांना नाताळाचे काय? आपल्याकडे नाताळ म्हणजे शाळेची सुट्टी, किनाऱ्यावर सुरूच्या बनात मुंबईकरांची गर्दी आणि चिकूच्या करंड्यांची धावपळ. आमच्या आळीत पारशी आहेत, इराणी आहेत, मांगेले आहेत, वारली आहेत. ख्रिस्ती घर एकही नाही. पण माझे माहेर आगाशीचे. आगाशी वसई तालुक्यात. पूर्वी आगाशी आणि बोर्डी दोन्ही ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही पालघर जिल्ह्यात आहेत. म्हणजे जिल्हा बदलला, तरी माझे माहेर आणि सासर काही एकमेकांना सोडीत नाहीत.

वसईचा मुलूख गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली पोर्तुगीजांना तोडून दिला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत तिकडची पुष्कळ गावे ख्रिस्ती झाली. राज्य गेले, पण धर्म राहिला आणि भाषाही राहिली. भाषा म्हणजे पोर्तुगीज नव्हे, तर आपली मराठीच, तिच्या तिकडच्या बोलींसह. पोर्तुगीजांचे शब्द तेवढे काही उरले. 'नाताळ' हा त्यांतलाच एक. आम्ही मुली त्यांच्या मुलींबरोबर एकाच मराठी शाळेत, एकाच फळ्यावर बाराखडी गिरवून मोठ्या झालो.

आमच्या वाडीला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. मध्ये शेराचे कुंपण. त्यांची पानवेल आणि फुलझाडे, आमच्या केळी. त्या घरच्या बाईंना आम्ही मावशी म्हणत असू. त्यांची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात, आणि माझी जिवलग मैत्रीण. नाव घालणे तिला आवडणार नाही, म्हणून घालीत नाही.

नाताळ जवळ आला की त्या घरात सुमारे महिनाभर एक चोरटे काम चाले. जो तो दुसऱ्यापासून काहीतरी लपवून करीत असे. थोरला भाऊ नारळाची करवंटी घासून घासून तिला बांबूची दांडी बसवी आणि आईसाठी पळी करी. मुली वडिलांसाठी रुमालांना काठ शिवीत. मावशी रात्री दिव्याशी बसून उरल्यासुरल्या कापडातून झबली आणि परकर बेतीत. त्यामुळे नाताळच्या दिवशी त्या घरातली तीन मुले एकाच फुलांच्या छिटात दिसत. वडील लाकडाचा भोवरा तासून देत. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी घरी आली म्हणजे या वस्तू एकमेकांच्या हातात जात. विकत आणलेली वस्तू त्यात जवळजवळ नसेच. दारावरचा तारासुद्धा घरचा. आमच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या माझा भाऊ कुंपणावरून त्यांच्याकडे देई. त्याच कामट्यांवर पतंगाचा नवा कागद चढवून त्यांचा तारा होई. षट्कोनी कंदिलाचा पंचकोनी तारा करताना एक बाजू उरे, तिचे काय करायचे यावर दोन्ही घरची मुले भांडत.

हे सारे ऐकून आपल्याला मोठे गोड वाटेल, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हाताने करण्याचे कारण प्रेम हे तर होतेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे हाती पैसा नव्हता. पानमळ्याचा पैसा पावसावर आणि दलालावर. हल्ली 'हस्तनिर्मित' असा छाप मारून दुप्पट किमतीला वस्तू विकतात, तेव्हा मला मावशींचा दिव्याशी वाकलेला पाठीचा कणा आठवतो. हाताच्या कामात डोळे जातात, हे शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे.

आता ताटाकडे येते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडून शेजारच्या प्रत्येक घरी ताट जात असे. त्यात नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्यांच्याच बहिणी, दोदोल, आणि मुख्य म्हणजे कुलकुल. मैदा, नारळाचे दूध आणि साखर यांची कणीक मळून, तिची गोटी नव्या कोऱ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की शंखासारखी वळी होते. मग ती तळायची. हे काम एकटीचे नव्हे. शेकड्यांनी वळ्या लागतात. सारे घर घोंगडीवर गोल बसते, म्हातारे आणि मुले सगळी, आणि बोलता बोलता परात भरते. गोव्यात अशा ताटाला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडे कुसवार म्हणतात. कोन्सुआद हा शब्द पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचा. इकडे येऊन तो शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेला. शेजाऱ्याच्या घरी फराळाचे ताट पाठवणे हे आपल्या मातीतलेच वळण आहे, तेव्हा शब्दाने इथे येऊन इथले वळण घेतले असे मला वाटते.

आमच्या घरी ते ताट येई तेव्हा आजी ओसरीवर जाऊन स्वतः ते घेई, हसून मावशींची चौकशी करी, आणि मावशी कुंपणापलीकडे गेल्या की ते ताट जसेच्या तसे मागच्या पडवीत जाई. तिथून वाडीत कामाला येणाऱ्या गड्यांच्या मुलांकडे. मग ताट राखेने आणि चिंचेने घासून, त्यात सुकेळी भरून ते परत पाठवले जाई. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत द्यायचे नाही, ही शिस्त आजीने कधी मोडली नाही. सुकेळी म्हणजे आमच्या आगाशीकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. चुलीवर शिजवलेली नसल्याने त्यांना विटाळाचा प्रश्न नाही, असा हिशेब. आजी दुष्ट नव्हती. मावशींच्या बाळंतपणात रात्रीबेरात्री कंदील घेऊन जाणारी तीच. पण त्या घरच्या चुलीवरचे अन्न आपल्या घरात कोणी तोंडात घालायचे नाही, हा नियम होता आणि आम्ही मुलांनी तो न सांगता शिकून घेतला होता. वर्षानुवर्षे भांडे रिकामे गेले नाही, आणि भांड्यातले कुणाच्या पोटातही गेले नाही.

१९५७ साली मी नऊ वर्षांची होते. नाताळची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी मैत्रिणीने मला विचारले, "कुलकुल कसे लागले?" मी म्हटले, "छान होते." ती म्हणाली, "आणि तुझे?" मला काही कळेना. तिने त्या वर्षी हट्ट करून आमच्या ताटासाठी कणकेचा 'म' केला होता, माझ्या नावाचे पहिले अक्षर. तळताना त्याची वरची रेघ मोडली म्हणून तिने दुसरा केला, तोही मोडला, तिसरा साधला. तो तिने ताटाच्या मध्यभागी ठेवला होता. मी 'म' पाहिलाच नव्हता. मी गप्प राहिले. ती नऊ वर्षांची होती, पण तिला सगळे समजले. तिने पुढे काही विचारले नाही. ती माझ्याशी भांडली असती तर बरे झाले असते.

घरी येऊन मी रडले आणि आईला सांगितले. आईने मला जवळ घेतले, पण ती सून होती. ओसरीवरचा कायदा तिच्या हाती नव्हता. आजीच्या कानावर गेले असावे. ती काही बोलली नाही.

या ठिकाणी माझ्या आजीचीच बाजू घेऊन दोन शब्द लिहिले पाहिजेत. आज आपण सहज म्हणतो, काय हा खुळेपणा! पण ज्यांच्या अंगी तो संस्कार मुरला होता त्यांना तो टाकणे म्हणजे कातडी सोलण्यासारखे होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्या मंडळात पुष्कळजणींनी वाचली आहेत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. या मधल्या पाच वर्षांत त्या बाईने सोवळे, पाणी आणि अन्न यांच्याशी केवढा झगडा केला! तेथे तर स्वतःचा नवरा पलीकडे होता. माझ्या आजीला तर पलीकडे जायचेच नव्हते. तिला फक्त एका शेजारणीचे मन मोडायचे नव्हते, आणि ते आजवर मोडत आले आहे हे तिला त्या वर्षी प्रथम कळले.

पुढच्या नाताळाला, म्हणजे १९५८ साली, ताट नेहमीसारखे आले. पण त्याच्याबरोबर कागदात गुंडाळलेली आणखी एक वस्तू होती. आजीने कागद उलगडला. आत लाल बनातीची गोमुखी होती.

ज्यांच्या घरी आता जपमाळ राहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, गोमुखी म्हणजे गाईच्या तोंडाच्या आकाराची पिशवी. तिच्यात हात घालून आतल्या आत माळ ओढायची, म्हणजे जप कुणाच्या नजरेस पडत नाही. आजीची गोमुखी विटून फाटली होती आणि एक बोट बाहेर दिसे. ओसरीवर पहाटे बसणारी आजी मावशींना कुंपणापलीकडून दिसत असणार. त्यांच्याही घरी संध्याकाळी सारे कुटुंब गुडघे टेकून रोझरीची माळ म्हणत असे. आम्हाला त्यांचे शब्द ऐकू येत, मराठीच. माळेचा फाटका खण म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते. आणि कापड कोणते निवडले पाहा! सुती नव्हे, लोकरीचे. आजी सोवळ्यात धाबळी नेसते, लोकरीला विटाळ नाही असे ती मानते, हे मावशींच्या ध्यानात होते. मुंबईहून दिराने आणलेला बनातीचा तुकडा त्यांनी यासाठी राखून ठेवला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी मैत्रिणीकडून कळले.

आजीने ती गोमुखी उलटी करून शिवण पाहिली. "टाका बारीक आहे," एवढेच म्हणाली. एक दिवस तिला ऊन दाखवले आणि दुसऱ्या पहाटेपासून वापरायला घेतली. १९६६ साली ती गेली तोवर तिच्या हातावर तीच गोमुखी होती.

नाकारायला अवघड अशी वस्तू पाठवणे ही एक मोठी कला आहे. याचे जगातले प्रसिद्ध उदाहरण गांधीजींचे आहे. दक्षिण आफ्रिकेत जनरल स्मट्स यांनी त्यांना तुरुंगात घातले. त्या तुरुंगात गांधीजींनी स्वतःच्या हाताने चपलांचा एक जोड तयार केला आणि १९१४ साली तो देश सोडताना स्मट्स साहेबांना भेट पाठवला. चपला करण्याची विद्या त्यांनी आपले मित्र कालेनबाख यांच्याकडून टॉलस्टॉय फार्मवर घेतली होती. स्मट्स यांनी त्या चपला कित्येक उन्हाळे पायांत घातल्या, आणि १९३९ साली गांधीजींना सत्तर वर्षे पुरी झाली तेव्हा, एवढ्या थोर माणसाच्या वहाणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही अशा अर्थाचे लिहून, त्या परत केल्या. शत्रूच्या पायाचे माप मनात धरून चामडे कापणारा तो माणूस, आणि आमच्या मावशी. दोघांची तुलना करणे मावशींना आवडले नसते; त्या म्हणाल्या असत्या, "आमचा तुकडा उरला होता गो!"

गोमुखीची परतफेड सुकेळ्यांनी होणार नव्हती, हे आजीला उमगले. आजवर परत जाणारे ताट कणगीतून भरले जाई; त्यासाठी आजीला पाटावरून उठावे लागत नसे. त्या वर्षी मावशींच्या थोरल्या सुनेला मूल व्हायचे होते. आजीने आपले जुने नऊवारी लुगडे काढले, धुऊन धुऊन मऊ झालेले, आणि त्याच्या घड्या एकावर एक घालून तिने दुपटे शिवायला घेतले. वय सत्तरीच्या पुढे. सुईत दोरा ओवून देण्याचे काम माझे. महिनाभर ते चालले होते. मध्येच तिने मला मावशींकडे पाठवले, पाळणा केवढा आहे ते विचारून ये म्हणून. मूल जन्मल्यावर मावशींनी त्याला त्या दुपट्यात गुंडाळून कुंपणाशी आणून आजीला दाखवले. आजीने लांबूनच त्याच्या गालाला हात लावल्यासारखे केले. लांबूनच, कारण त्या वेळी ती सोवळ्यात होती.

कुलकुल मात्र आजीने अखेरपर्यंत तोंडात घातले नाही. एवढेच झाले की १९५८ नंतर ताट मागच्या पडवीत गेले नाही. ते माजघरात फडताळावर राही, आणि आम्ही मुले तिकडे गेलो की आजी दुसरीकडे पाही. मी माझा 'म' खाल्ला तो १९५९ साली. रेघ मोडलेलीच होती.

लग्न होऊन १९६८ साली मी बोर्डीला आले आणि वाचनाची थोडी फुरसत मिळाली, तेव्हा या नाताळच्या भेटींचे मूळ शोधावेसे वाटू लागले. आपल्याला वाटते की, ही फार पुरातन चाल असेल. पण पूर्वी युरोपात कित्येक ठिकाणी भेटी द्यायच्या त्या ६ डिसेंबरला संत निकोलसच्या सणाला, किंवा नव्या वर्षाच्या दिवशी. नाताळ हा घरच्या मुलामाणसांत भेटी देण्याचा सण झाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडात नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र निघाले १८४३ साली, आणि राणी व्हिक्टोरिया नाताळच्या झाडाभोवती कुटुंबासह उभी असल्याचे चित्र तिकडच्या साप्ताहिकात आले १८४८ साली. म्हणजे हे सगळे आपल्या पेशवाईच्याही नंतरचे. अमेरिकेतली बायकांची मासिके त्या काळात सपाता, लेखण्या पुसायचे फडके, टाचण्यांच्या उशा यांचे नमुने नाताळापूर्वी छापीत असत, आणि बायका ते पाहून घरोघर बसून शिवीत असत. आपल्या मासिकांतल्या विणकामाच्या नमुन्यांचे ते पूर्वजच म्हणायचे.

लुईसा मे अल्कॉटबाईंची कादंबरी १८६८ सालची. शांता शेळके यांनी तिचे 'चौघीजणी' हे भाषांतर केले. तिचा आरंभच नाताळला भेटी मिळणार नाहीत या तक्रारीने होतो. चार बहिणी आपापला डॉलर स्वतःवर न खर्चता आईसाठी काही आणायचे ठरवतात. त्यांतली बेथ आईच्या रुमालांवर आईच्या नावाची अक्षरे काढायची सोडून सरळ 'आई' असेच भरते. ते वाचताना मला तो तळलेला 'म' आठवल्याशिवाय राहिला नाही. भेटीवर अक्षर काढायचे ते कुणाचे आणि कोणते, यात केवढे मन असते!

सगळ्याच भेटी मात्र अशा नसतात. इंग्रजी अमदानीत नाताळच्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' जात असे. फळे, केक, फुले यांची सजवलेली टोपली, कंत्राटदाराकडून नाही तर हाताखालच्या माणसाकडून. डाली खालून वर जाई आणि टोपली परत भरून येत नसे. शिवाय तिच्यात पाठवणाऱ्याचा हात नसे, डोके असे. अमेरिकेतही हाच रोग होता. दुकानांत काम करणाऱ्या मुलींना पगारातून वर्गणी काढून वरिष्ठांना नाताळच्या भेटी द्याव्या लागत. त्याविरुद्ध १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी पुढाकार घेऊन निरुपयोगी भेटी बंद करण्यासाठी एक संस्थाच काढली. मला तर ही बातमी वाचून फार हसू आले. आपल्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांच्या चळती पाहिल्या की, अशी एक शाखा बोर्डीतही उघडावी असे वाटते.

बोर्डीला आल्यावर पहिल्या नाताळात मी मनातून फार उदास होते. आता ताट कुठून येणार? पण ताट आले. मैत्रिणीचा भाऊ गाडीने घेऊन आला. सासूबाईंनी ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हटले, आता पुन्हा ओसरी. पण त्या ताटावरचा रुमाल उचलून त्यांनी एक कुलकुल तोंडात टाकले आणि "नारळाचे दूध आहे वाटते," म्हणाल्या. मी चकित झाले. पुढे बोलता बोलता कळले की, त्यांचे सोवळे बोर्डीतच सुटले होते. १९४५ साली ताराबाई मोडक येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवला होता. माँटेसोरीची महाग साधने खेड्यात कुठून आणायची? म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, माती यांचीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे देशभर झालेला 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या या भागातला आहे. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग शिकवायचे. शहरातल्या शिकलेल्या बायका वारल्यांच्या मुलांची डोकी धुतात, हे पाहून गावातल्या बायका आधी नाके मुरडीत, असे सासूबाई सांगत. आणि नाके मुरडणाऱ्यांत आपणही होतो, हेही सांगत. मी आले तेव्हा केंद्राला कोसबाडच्या टेकडीवर जाऊन दहाबारा वर्षे झाली होती. पण त्यांचे ऐकून ऐकून सासूबाईही सागरगोटे आणि शिंपले वेचून ठेवायला शिकल्या होत्या, ते मरेपर्यंत.

आमच्या शेजारच्या पारशी बाई मण्यांचे तोरण ओवीत. दृष्टी अधू झाली तरी ओवीत. मासे, कोंबडे, फुले असे मण्यांचे चित्र महिनोन्‌महिने चाले आणि मग भाचीच्या लग्नात ते दाराला लागे. त्यांच्याचकडून मला कळले की, नवजोतीत मुलाच्या कमरेला बांधतात ती कुस्ती बहात्तर लोकरी धाग्यांची असते आणि ती हातानेच विणतात. त्यांना मी आगाशीची गोमुखीची हकीकत सांगितली तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "लोकर होती ना, म्हणून चालली!" प्रत्येक घरात कोणता धागा चालतो हे शेजारणीला ठाऊक असते.

मी स्वतः भेटी करण्यात फारशी यशस्वी झाले नाही. नातवासाठी दोन हिवाळे खपून स्वेटर विणला. बोर्डीच्या थंडीत तो सकाळी सात ते साडेसात एवढाच अंगावर टिके. आणि एक चूक तर मंडळाच्या वतीनेच झाली. काही वर्षांपूर्वी आपण नाताळच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी वारली चित्रांची शुभेच्छापत्रे विकायला ठेवली होती. काम वाचावे म्हणून ती छापून आणण्याची कल्पना माझी. त्यावर 'हस्तकला' असे लिहिण्याची कल्पनाही माझीच. पाड्यावरची एक बाई मंडळात निवडलेले तांदूळ घेऊन आली होती, तिने एक पत्र हातात घेऊन उलटून पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाली, "पीठ नाही लागत हाताला." तिच्याकडे लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात तो तांदळाच्या पिठाने, सवाशिणींच्या हातून. वारली चित्रे कागदावर आली ती १९७० नंतर. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आलेले चित्रही हाताचेच होते. आमचे यंत्राचे. पुढच्या वर्षी आम्ही 'हस्तकला' हा शब्द काढून टाकला, आणि त्यानंतर पत्रेच छापायची थांबवली. हिशेबात तोटा दिसतो तो याचा आहे. खजिनदारांनी नोंद घ्यावी.

मैत्रिणीकडे मी दर वर्षी परतीच्या ताटातून चिकूच्या वाळवलेल्या फोडी पाठवते. आमच्या घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा तिला माझ्याहून जास्त अभिमान आहे. सुकेळी आता तिकडेही दुर्मिळ झाली, राजेळीची लागवडच कमी झाली. मी फोडी पाठवते त्या चाकूने स्वतः कापून, जाळीवर पसरून, कावळ्यांवर लक्ष ठेवून. एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून बाजारातली पाकिटे आणून भरली होती. तिने फोन करून विचारले, "बरी आहेस ना?" मी काहीच सांगितले नव्हते. फोडी एकसारख्या निघाल्या, एवढ्यावरून तिने ओळखले.

या वर्षीचे ताट घेऊन आलेला तो मुलगा म्हणजे तिचा नातू. मी रुमाल उचलला. मध्यभागी 'म' नव्हता. एक वेडेवाकडे इंग्रजी अक्षर होते. मुलगा ओशाळून म्हणाला, "आजीच्या हातांना आता कणीक वळत नाही. मी केले. मला मराठीतला म नीट येत नाही, म्हणून एम केला."

त्याला मी जेवायला बसवले आणि पाटीवर 'म' काढून दाखवला. वरची रेघ शेवटी, हलक्या हाताने, म्हणजे तळताना मोडत नाही. त्याने तीनदा गिरवला.

ताट अजून माझ्याकडेच आहे. मधले काही दिवस आभाळ आले होते, त्यामुळे फोडी लवचिक राहिल्या आहेत. आणखी दोन कडक उन्हे लागतील. तोवर ते फडताळावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवले आहे.